स्टँडाच्या भागाला पडलेला एक गर

मालिका संपून आज चौथा दिवस. तिच्या वेळेला घरात टीव्ही चालूच असतो, पण माझं मन कशात लागत नाही. ते मालिका संपली म्हणून नाही. त्या दिवशी दुपारी कारखान्यात मी जे बोलले, त्यामुळे.

पालीच्या रस्त्याला आमचा काजूचा कारखाना आहे. आम्ही बारा बायका भाजलेल्या गराची साल काढतो आणि अख्खा गर, पाकळी म्हणजे अर्धा गर, आणि तुकडा वेगळं करतो. हात चालू असतात तोवर तोंड चालवायला कोणाची हरकत नसते. तीन वर्षं आमच्या तोंडी ही एकच मालिका होती. लिहिणाऱ्याचं नाव शेवटी पडद्यावर यायचं. चौथीपर्यंतच शिकलेली मी, अर्धं वाचून होईतो ते निघून जायचं. पण मध्ये कधी दुसऱ्याने लिहिलेला भाग आला तर आम्हा सगळ्यांना कळायचं. मालिकेतली सासू उगाच ओरडायला लागली की ताई म्हणायची, आज आपला माणूस सुट्टीवर दिसतो.

ताई म्हणजे माझ्या शेजारी बसते ती. वयाने मोठी, आवाजानेही मोठी. शेवटचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनेच काढलं, की त्या लेखकाचा सगळ्यात चांगला भाग कुठला आणि सगळ्यात वाईट कुठला ते आज ठरवून टाकायचं. सकाळभर भांडण झालं. कोणी म्हणे पुराचा भाग चांगला, कोणी म्हणे धाकटीच्या लग्नाचा. पुराच्या भागात पाणी खोटं दिसत होतं, असं एकीने म्हटलं, तर पाणी काय लेखकाने ओतलं काय, असं दुसरीने तिला सुनावलं. वाईट भागाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तो स्टँडाचा भाग.

त्या भागात मोठी सून कोणाला न सांगता घरातून निघते आणि दिवसभर एस. टी. स्टँडवर बसून राहते. गाडी लागली की उठते, परत बसते. बाकावर कोणी आलं की सरकून जागा देते. संध्याकाळी घरी येऊन भात टाकते. झालं. ताई म्हणाली, अर्धा तास आपण एका बाईला बसलेली बघत होतो, त्या दिवशी लेखकाला ताप असणार. सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून साल काढत राहिले. माझ्या हातून दोन गर मोडले.

जेवणाच्या सुट्टीत मत द्यायचं ठरलं. पोत्यांच्या आड डब्याची तीन झाकणं ठेवली, पुराचं, लग्नाचं आणि स्टँडाचं. एकेकीने जायचं, आवडला त्या भागाच्या झाकणात अख्खा गर टाकायचा, नावडत्याच्या झाकणात तुकडा. मीही गेले. गर टाकला आणि पटकन वळले.

ताईने झाकणं बाहेर आणली. स्टँडाच्या झाकणात तुकडेच तुकडे, आणि मधोमध एक अख्खा गर.

कोणी म्हणाली, चुकून पडला असेल. ताईने ते उडवून लावलं. "दिवसभर अख्खा नि तुकडा निवडणाऱ्या बायका आपण. आपल्या हातून चुकून पडेल काय?"

मग सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या नव्या मुलीकडे गेले. तिचं लग्न होऊन वर्ष नाही झालं, नवरा मुंबईला, आणि घरी तिचं पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक. एकीने तिला विचारलं, "काय गो, पिशवी भरून ठेवलीस काय?" दुसरी म्हणाली, आता स्टँडवर गेलं की आधी बाकाकडे बघायला हवं. मुलगी नाही नाही म्हणत राहिली, पण तिचा चेहरा लाल झाला, आणि लाल झाला म्हणून सगळ्यांची खात्री पटली. आमच्या कारखान्यातलं बोलणं संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. तिच्याही घरी पोचलं असतं. मी गप्प बसले असते तर माझं तेरा वर्षांचं झाकलेलं तसंच राहिलं असतं.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी एरवी बोलतच नाही. ती म्हणाली, तुला काय आवडलं त्यात? मला दुसरं काही सुचलं नाही. "मी बसले होते तशी."

मग थोडं थोडं सांगावं लागलं. भांडण नव्हतं, कोणी मारलं नव्हतं, म्हणूनच कोणाला सांगता येत नव्हतं. तेरा वर्षांमागे एकदा दवाखान्यात जाते म्हणून निघाले आणि रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन बसले. माहेर गुहागरकडे. गुहागरच्या दोन गाड्या माझ्यासमोर गेल्या. मीही बाकावर सरकून माणसांना जागा देत होते. हे त्या लिहिणाऱ्याला कसं कळलं, या विचाराने मला आजही चैन पडत नाही.

"मग गेली का नाहीस?" मुलीने विचारलं.

"हातात काहीच नव्हतं. माहेरी रिकाम्या हाताने कशी जाणार?"

यावर कोणी हसलं नाही. सुट्टी संपली. बऱ्याच वेळाने ताईने हळूच विचारलं, त्या दिवशी खाल्लं काय होतंस. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, भागातल्या बाईनेही काही खाल्लं नाही, तेच मला बघवत नव्हतं.

आमच्या वाडीतल्या दोघी माझ्यासोबत काम करतात. संध्याकाळी त्यांच्या आधी घर गाठायचं म्हणून मी जवळजवळ धावतच आले. सासूबाई अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होत्या. मीही खाली बसून गोळा करायला लागले आणि म्हटलं, "आई, मालिकेतली मोठी सून बसली होती ना स्टँडवर, तशी मी एकदा बसले होते. दवाखान्यात गेलेच नव्हते."

त्यांचा हात थांबला नाही. सूप भरलं तसं त्या उठल्या.

"तो भाग वाईटच होता," त्या म्हणाल्या. "दिवसभर स्टँडच दाखवला. घरातली माणसं तेव्हा काय करत होती, ते दाखवलंच नाही."

आणि आत गेल्या. जेवताना नेहमीसारखं बोलल्या, दुसऱ्या दिवशीही. त्या दिवशी घरात काय झालं होतं ते मी तेरा वर्षांत कधी विचारलं नाही. तेव्हापासून रोज विचारायचं ठरवते. आता त्या शेजारच्या खोलीत नवी मालिका बघत बसल्या आहेत. ही ओळ लिहून झाली की उठते.