पाथर्डी ते बेलापूर: तारांखालची खाट

कुसुमच्या घरी लाईट आहे आणि माझ्या घरी नाही. हा सगळा प्रवास झाला तो एवढ्यावरून.

कुसुम माझी धाकटी बहीण, बेलापूरला दिलेली. तिचा नवरा रंगनाथराव वायरमन आहे, खांबावर चढून तारा जोडतो. मी राहिले पाथर्डीच्या बाजूला, कोरड्या रानात. आम्हाला भाऊ नाही, म्हणून वडील गेल्यापासून आई माझ्याकडंच होती. श्रावणात तिच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना, तेव्हा कुसुम जीप करून आली. म्हणाली, "आक्का, आमच्याकडं दवाखाना जवळ हाय, घरात लाईट हाय. बरी झाली की आनून सोडते." श्रावण सरला, दिवाळी सरली, आई काही आली नाही. निरोप मात्र यायचे: ताप गेला, खोकला गेला, पण आई रात्रीची झोपत नाही, दिवसा उठत नाही, इतक्यात हलवायला नको.

पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "का गं भागे, म्हातारी तिकडंच राहिली व्हय? लाईटीखाली?"

ते "लाईटीखाली" मला मिरचीसारखं झोंबायचं.

एकाहत्तर साल लागलं, संक्रांत तोंडावर आली, तेव्हा मी ठरवलं की पुरे झालं. आईची गोधडी धुतली, तिच्या बाजेचं सुंभ आवळून घेतलं आणि आळीत सगळ्यांना सांगून टाकलं की आईला आणायला चालले. मालक म्हणाले, "जा, पन भांडू नको."

"भांडायला न्हाई, आनायला चालले," म्हणाले आणि पिशवी उचलली.

तुम्हाला कधी तिकडं जायचं झालं तर नगरचा वळसा घेऊ नका. पाथर्डीहून शेवगाव, शेवगावहून नेवासा, नेवाशाहून श्रीरामपूरची गाडी धरा, तिथून बेलापूर हाकेवर आहे. सगळ्या गाड्यांचं मिळून पाच रुपयांच्या आत भागतं. शेवगावच्या गाडीत सकाळी उजव्या हाताला बसा, थंडीत ऊन अंगावर येतं. मी डाव्या हाताला बसले आणि शेवगावपर्यंत कुडकुडले. रस्ता खडीचा, हाडं खिळखिळी होतात. शेवगावच्या स्टँडवर चहा प्या, भजी खाऊ नका, मी खाल्ली आणि नेवाशापर्यंत पस्तावले.

नेवाशाला गाडी बदलायला वेळ होता, म्हणून माऊलींच्या खांबाला जाऊन आले. जागा शांत आहे, बाहेर मोठी झाडं, पलीकडं प्रवरा वाहते. आमच्याकडं हंड्याला हंडा आपटत बसायचं आणि हिकडं नदी उगाच वाहून चाललेली! खांबाला मिठी मारली आणि सरळ मागितलं, "माऊली, माझी आई माझ्या घरी येऊ दे." दुसरं काही मागायला सुचलं नाही.

नेवासा सोडलं की डोळ्यांना हिरवं दिसायला लागतं. पाटाचं पाणी, ऊस, पुन्हा ऊस. आणि तो ऊस तोडायला आमचीच माणसं. एका थांब्यावर ऊसतोडीची बाई गाडीत चढली, कोयता फडक्यात गुंडाळलेला. लुगड्याच्या नेसण्यावरून मी ओळखलं, पाथर्डीचीच. माझ्याजवळ बसली.

"कुनाकडं निघालीस, बाई?"

"बहिणीकडं. लाईटवाली हाय ती."

"मग मजा हाय तिची," ती म्हणाली. "आमाला तर त्या लाईटीनं येडं केलंय. आमच्या पाचटाच्या कोप्या कारखान्याजवळ. रातभर दिवे झगझगतात. त्ये बघून कोंबडं मधूनच आरवतं. आमी उठून चुली पेटवतो, भाकरी थापतो, आन् दिवसाचा पत्ता न्हाई!"

"मग कापून खावा की त्याला."

"खाल्लं की! दुसरं आनलं, त्ये बी तसंच."

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा दात नसलेल्या तोंडानं इतका हसला की त्याचं मुंडासं सुटलं.

बेलापुरात उतरले तेव्हा दुपार कलली होती. कुसुमचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या, पुढं अंगण. घरावरून जाड तारा गेल्या होत्या. मी दारात थांबून ऐकलं, तर त्या गुणगुणत होत्या, मधमाश्यांसारख्या.

आईची खाट मागच्या खोलीत होती. त्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारी वर पिवळा बल्ब जळत होता आणि आई खाली तोंड उघडं टाकून झोपली होती. पाच महिन्यांनी बघत होते मी तिला. हात धरून हलवलं.

"आये, मी आले."

तिनं डोळे किलकिले केले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कुशे, दिस उगावला का गं?"

कुशे! जिला न्हाऊमाखू मी घालत होते, ती मला कुशे म्हणाली. मी हात सोडून बाहेर आले. कुसुम ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"दिवसाढवळ्या बल्ब कशाला जाळतीस? उतू चाललंय का तुझ्याकडं?"

"त्यो नवसाचा हाय, आक्का," ती म्हणाली. "आई लई आजारी हुती ना, तवा मी देवाला बोलले. आई उठून हिंडायला लागेपातूर तिच्या उशाचा दिवा इजू द्यायची न्हाई. तेलाचा अखंड ठेवायचा तर तेल केवढ्याला पडतं? मग ह्यांनी बल्ब लावून दिला."

"आन् लाईट गेली की?"

"मग कंदील लावते. आली की पुन्हा बल्ब."

आईच्या उशाशी अखंड दिवा ठेवायचा मान कोणाचा? थोरलीचा. आणि ही बटण दाबून पुण्य लाटत होती. मी तांदळातला एक खडा काढून तिच्यासमोर ठेवला. तेवढंच माझ्या हातात होतं.

संध्याकाळी रंगनाथराव आले. स्वभावानं चांगला माणूस, पण मला त्या दिवशी चांगला माणूस नको होता. जेवताना मी तोंड उघडलं. "ह्या तारांनी माझ्या आईची झोप खाल्ली. डोक्यावर रातदिस गुणगुनतात. मानसाच्या अंगात काय कमी-जास्त व्हत असंल त्यानं. तिला माझ्याकडं धाडा."

"आक्का, मी तर दिवसभर तारांतच असतो," ते म्हणाले. "घरी आलो की घोरतो. इचारा हिला."

"घोरतात म्हंजे काय, कौलं हलतात," कुसुम म्हणाली.

"तुमचं आंग निबर. म्हातारीचं न्हाई. तारांखाली तिला झोप लागायची न्हाई, मी लिहून देते."

"आन् लागली तर?"

"लागली तर मी नेते म्हननार न्हाई. तोंड मिटून एकटी परत जाईन."

"ठरलं," ते म्हणाले आणि आमटीची वाटी पुढं केली. मला वाटलं, जिंकलेच मी. पाच महिने झोपली नाही ती आता काय झोपते!

रात्री आई खरंच जागी होती. पांघरूण ओढायची, सोडायची, भिंतीशी बोलायची, मधेच उठून म्हणायची, शेळ्या सोडायच्या राहिल्या. कुसुम तिच्या पायाशी बसून पेंगत होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिला पाहून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला, दोन्ही एकदमच.

सकाळी उजाडलं तशी आई पुन्हा गुडूप. आता काय करायचं? मी तीन गाड्या बदलून आले ती हिचं घोरणं ऐकायला? मला तिच्याशी बोलायचं होतं. आमच्या म्हशीला पारडी झाली ते सांगायचं होतं. कुसुमशी ती रात्ररात्र बडबडते आणि माझ्या वाट्याला झोपलेली आई? मी रंगनाथरावांना म्हणाले, "धरा खाट." तिला खाटेसकट अंगणात आणली, उन्हात ठेवली.

"तारांखाली ठेवलीस की, आक्का," कुसुम म्हणाली.

"असू दे. ऊन तितंच हाय."

आई कुरकुरली, डोळ्यांवर पदर ओढला. मी तो काढला. पुन्हा ओढला, पुन्हा काढला. तोंड धुतलं, चहा पाजला, वेणी घातली, डोळे मिटले की हाक मारली. दिवसभर बोलत राहिले: म्हैस, पारडी, आळीतली भांडणं. मधे ऊन तापलं तेवढ्यापुरती खाट ओट्याच्या सावलीला घेतली. शेजारची म्हणाली, "अवो, झोपू द्या की म्हातारीला." मी तिला म्हणाले, "तुमची आई हाय का?"

दिवस मावळताना आईला आत नेली. बल्ब जळतच होता. मी खटकन बंद केला.

कुसुम किंचाळलीच. "आक्का! नवस हाय माझा!"

"नवसाला तेलाचा दिवा लागतो. उशाशी निरांजन लाव, तेल मी देते. ह्यो डोळ्यात खुपतोय." खरं सांगते, तेव्हा मला आईच्या झोपेची काही अक्कल नव्हती. तिचा बल्ब मला बघवत नव्हता, एवढंच. कुसुम रडत रडत निरांजन लावायला गेली, वात उशाच्या कोनाड्यात मिणमिणत राहिली. खोलीत अंधार झाला, आमच्या घरच्यासारखा.

पहिल्या रात्री फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाट उन्हात, पुन्हा माझी बडबड, पुन्हा सांजेला अंधार. रात्री आईच्या तोंडच्या शेळ्या कमी झाल्या. असेच दिवस काढले. मग भोगी आली. पहाटे मला चुलीपाशी आवाज आला. पाहते तर आई भिंत धरून उभी, स्वतःहून उठलेली, आणि कुसुमला विचारत होती, "बाजरीच्या भाकरीला तीळ लावलेस का न्हाई?" मग माझ्याकडं वळली.

"भागे, तू कवा आलीस गं?"

मी तिला धरून ओट्यावर बसवलं. समोर ऊस, त्यावर धुकं, वर तारा, आणि सूर्य वर येत होता. आई त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत होती. रात्रभर झोपली होती ती, तारांखालीच. रंगनाथराव अंगणात दात घासत होते. त्यांनी एकदा वर तारांकडं बघितलं आणि चूळ भरली, तेवढंच मला जास्त लागलं.

तारांचं खरंखोटं काय ते मला अजून माहीत नाही. अंगावरून गेल्या की माणसाला काही होतं का, शिकलेल्यांनी सांगावं. पण उजेडाचं मी डोळ्यांनी पाहिलं. दिवसाला दिवस दिसला पाहिजे आणि रात्रीला रात्र, नाहीतर माणसाचं त्या कोप्यांतल्या कोंबड्यासारखं होतं. तुमच्याकडं कोणी म्हातारं दिवसा झोपत असेल तर खाट बाहेर काढा, सांजेला दिवा कमी करा. आणि मग त्याला कोण ठेवणार यावर भांडा. आधी नाही.

भोगीच्या संध्याकाळी आईनं दिवेलागणीला विचारलं, "दिवा कोन लावतंय?" कुसुमनं तिला हाताला धरून बटणापाशी नेलं. आई हिंडत होती, नवस फिटला होता. आईनं बटण दाबलं. खोली उजळली. तिनं त्या बल्बला दोन्ही हात जोडले, आमच्या घरी चिमणी लावल्यावर जोडायची तसेच. मग मागं वळून लहान पोरीसारखी हसली.

संक्रांत करून मी निघाले. शब्द दिला होता, तो मोडणार नव्हते. तरी स्टँडवर जायच्या आधी आईच्या कानाशी लागलेच. "आये, घरी येतीस का? गोधडी धुवून ठेवली हाय."

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुझ्याकडं लाईट आली का गं?"

"न्हाई."

"मग आली की येते," ती म्हणाली, आणि वर, "तोवर कुशीला एकटीला व्हायचं न्हाई." पाच महिने कुसुम जिची उठबस करत होती, ती आता कुसुमला सांभाळणार होती. कुसुमनं मला वाटेसाठी तिळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि गळ्यात पडली. मी तिला म्हणाले, "तो बल्ब रातचा इजवत जा." दुसरं काही गोड तोंडातून निघालं नाही.

परत येताना नेवाशाला खांबाला गेले नाही. रुसले होते.

घरी आले तर मालकांनी पिशवीकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं आणि चूल पेटवायला घेतली. आळीतल्या बायकांना मी सांगितलं, आई ठणठणीत आहे, मीच बरी केली. त्यांनी विचारलं, मग आणली का नाहीस? मी बादली उचलली आणि निघाले.

आता रोज दिवस मावळला की मी चिमणी लावते, हात जोडते आणि मनात येतं, या घटकेला तिकडं आई बटण दाबत असेल. मग कुसुमचा इतका हेवा वाटतो की भाकरी करपते. पूर्वी मी पडल्या पडल्या झोपायचे. आता आईची रिकामी बाज बघत पडते.

विजेचे खांब आमच्या शिवेपर्यंत आले आहेत. मी रोज दुपारी तिथं जाऊन उभी राहते. परवा खांबावरच्या माणसानं वरूनच विचारलं, "काय बाई, काय पायजे?"

म्हटलं, "तारा कवा वढणार?"

"लोकं नगं म्हनत्यात घरावरून. झोप लागत न्हाई म्हनं."

"आमच्या छपरावरून घ्या," मी म्हणाले. "म्हातारीची बाज मी खालीच टाकनार हाय."