सोमीने मागितलेले दात

बुधवार, ६ मार्च २०२४. जयवंतीबाईंनी वहीत लिहिलं: वीज नऊला आली. दीपेशने सोमीच्या नातीचे, प्रगतीचे, दोन दात काढले. दुपारी सोमी स्वयंपाकघराच्या कौलांवर चढली.

सोमी गंजाड गावची. जयवंतीबाईंच्या डहाणूच्या घरात, पुढच्या खोलीत, त्यांच्या मुलाने, दीपेशने, दातांचा दवाखाना काढला तेव्हापासून, म्हणजे एकवीस वर्षं, ती तिथे झाडलोट करते, हत्यारं उकळते. किडका दात निघाला की ती तो मुकाट्याने दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकी. पण दात सरळ करायच्या तारा बसवण्याआधी जागा करायला काढलेले दात पांढरेशुभ्र, धडधाकट. तिथे तिचा हात अडे.

"जिवंत दात कचऱ्यात कसा टाकू, बाई?"

मग पाड्यावर पोरांचे दुधाचे दात टाकतात, तसा ती तो मागच्या कौलांवर भिरकावी. वर म्हणे, "उंदीरमामा, हा घे, माझ्या घरी नवा दे."

"दात लोकांचा आणि मागतेस तुझ्या घरी?" जयवंतीबाई हसत.

"फेकतंय कोण? मीच ना?"

यंदा प्रगतीचे दात एकमेकांवर चढले. दीपेशने एक्सरे उजेडात धरला.

"मावशी, गर्दी थोडी असली तर न काढता तारेवर भागतं. जबडा लहान आणि दात जास्त, तर काढावेच लागतात. हिला तर दोन जादाच आहेत, टाळूकडून आलेले. होतं असं एखाद्याला."

सोमी एक्सरेकडे बघत राहिली. मग बाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "एखाद्याला नाही. हे मी मागितलेले."

"काहीतरीच बोलू नकोस."

"हे काढले तर उंदीरमामा आणखी देईल. मी फेकलेले सगळे खाली आणते. सौदा मोडला की थांबेल."

दात निघाले. प्रगती तोंडात कापूस धरून ओट्यावर बसली आणि सोमी शिडी लावून वर गेली. जयवंतीबाई खाली परात धरून उभ्या. वारा पडला होता. चिकूचं पानही हलत नव्हतं. कौल उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज तेवढा येत होता. पुन्हा उचलल्याचा. मग तोही थांबला.

"सापडले का गं?"

सोमी उतरली तेव्हा तिचे दोन्ही हात काळे होते, आणि रिकामे.

"पावसात वाहून गेले असतील," जयवंतीबाई म्हणाल्या.

"पन्हळीला जाळी आहे, बाई. दर वर्षी मीच साफ करते. एकसुद्धा नाही वर." ती नातीकडे बघत होती. "सगळे घेतलेत त्याने. दिले दोनच."

प्रगतीने कापूस काढून टाळूवर जीभ फिरवली. "आजी, इथं अजून काहीतरी टोचतंय."

"टाका असेल तो," जयवंतीबाई म्हणाल्या आणि दीपेशला विचारायला आत गेल्या.

दीपेश हात पुसत होता. "टाका? टाका घातलाच नाही मी."

त्या संध्याकाळी जयवंतीबाईंच्या वहीत दिवसाची शेवटची ओळ पडली: प्रगतीला तांदळाची गार पेज दिली, अर्धी वाटी उरली.