कारण: घरगुती

"उचला," मोठे डॉक्टर म्हणाले.

ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, हात पोटावर. टेबलाभोवती ट्रस्टचे पाच-सहा जण. मी समोर फाइल धरून उभा. तेव्हा वय पंचावन्न. सांगलीतल्या एका हॉस्पिटलच्या कचेरीत हेडक्लार्क. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, ते जिथे सांगायचं तिथे सांगणार आहे.

"तुम्ही आधी वॉर्डबॉय होता ना? मग या. मला इथून उचला आणि त्या सोफ्यावर ठेवा. बघू तरी."

कुणीतरी हसलं. मी फाइल ठेवली. पुढे गेलो. त्यांच्या काखेत हात घातले, गुडघे वाकवले, उचललं. चार पावलं. सोफ्यावर ठेवलं. त्यांचा कोट चुरगळला होता, तो हाताने सारखा केला. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "मशीन आपल्याकडे आहेच. आणि याला वीजही लागत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. हे एवढं वाक्य लिहायला मला सोळा वर्षं लागली. मीही हसलो.

दारात रत्नाबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसली नाही.

रत्नाबाई वॉर्डातली आया. माहेर वडूजकडचं, नवऱ्यामागे सांगलीला आलेली. आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात कामाला लागलो. मी मलकापूरचा, मॅट्रिक पास, पण नोकरी मिळाली ती वॉर्डबॉयची. पेशंट उचलायचं काम आम्ही एकत्र शिकलो. शिकवायला कुणी नव्हतं. चादरीची चार टोकं चौघांनी धरायची, एक, दोन, आणि उचल. चौघं क्वचितच असायचे. ड्यूटीआधी बायका जुन्या लुगड्याची पट्टी फाडून कमरेला करकचून आवळायच्या, साडीच्या आत. मलाही पहिली पट्टी रत्नाबाईनेच दिली. म्हणाली, "बांध रं दादा. न्हाईतर चाळिशीत म्हातारा व्हशील."

पट्टीने पाठ वाचत नाही. कळ फक्त संध्याकाळपर्यंत थांबते.

माझं अक्षर चांगलं होतं. सात वर्षांनी मला कचेरीत घेतलं. त्या दिवसापासून रत्नाबाईचा दादा संपला. मी भाऊसाहेब झालो, आणि मला ते आवडलं.

कचेरीत माझ्याकडे एक रजिस्टर आलं, काम सोडून जाणाऱ्यांचं. नाव, तारीख, कारण, सही. पहिली बाई आली ती भिंत धरून आली. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, पाठ गेली. जुन्या हेडक्लार्कनी ते पान फाडलं. रागावले नाहीत. नवीन पान पुढे सारून म्हणाले, "घरगुती लिहायचं. सगळ्यांना तेच. रोजंदारीच्या बाईचं कारण घरगुतीच असतं."

मी लिहिलं. पुढे सांगावं लागलं नाही. बाई वाकडी होऊन आली, घरगुती. पाय ओढत आली, घरगुती. एकीला बसता येईना, तिने उभ्यानेच अंगठा दिला. घरगुती. अशी किती वर्षं गेली. माझं अक्षर शेवटपर्यंत सुरेख राहिलं.

मग एकदा पुण्याहून कंपनीचा माणूस मशीन घेऊन आला. पेशंट उचलायचं मशीन. खाली चाकं, वर लोखंडी हात, त्याला कापडाची झोळी. झोळी पेशंटच्या अंगाखाली सरकवायची, कडीला अडकवायची, बटण दाबायचं. माणूस हळूहळू वर येतो. सोबत एक घसरती चादर होती, पलंगावरून पलंगावर सरकवायला. ती तर अगदीच स्वस्त.

दाखवायला कुणीतरी हवं म्हणून रत्नाबाईला झोळीत निजवलं. बटण दाबलं. ती वर गेली. अधांतरी, पदर सावरत. सिस्टर हसल्या. रत्नाबाई वरून म्हणाली, "आगं बया. जन्मात मला कुनी उचललं नव्हतं. आता मरताना उचलतील आसं वाटलं हुतं."

ते मशीन त्या दिवशीच परत गेलं. दरपत्रक माझ्या टेबलावर राहिलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी हिशेब मांडला. एक जाणती आया गेली की नवी उभी राहायला महिने जातात, तोवर सिस्टर तिच्यामागे अडकतात. नवख्या हातातून पेशंट निसटला की त्याचे हॉस्पिटलातले दिवस वाढतात आणि नातेवाईक बिलावरून भांडतात. माणसं कमी म्हणून जड पेशंट वेळेवर कुशीवर वळवला जात नाही, त्याला जखमा होतात, ते ड्रेसिंग आपल्याच माथी. पाठीच्या रजा घेणाऱ्या सिस्टरांच्या जागी बदली माणूस, त्याला जादा पैसे. सगळं मिळून दाखवलं की मशीन थोड्या वर्षांत आपली किंमत फेडतं. त्यानंतर ते कमावतंच. दोन पानांची नोट झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी कचेरीत काही चांगलं लिहिलं होतं.

ती नोट घेऊन मी बैठकीत उभा होतो. उचलायला सांगितलं ती त्या बैठकीतली दुसरी गोष्ट. पहिली सांगायचं मी टाळत होतो.

मोठ्या डॉक्टरांनी नोट नीट वाचली. ते हुशार होते. म्हणाले, "बायका पाठीमुळे काम सोडतात असं तुम्ही लिहिलंय. तुमचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. रजिस्टर आणा."

आणलं. त्यांनी पानं उलटली. घरगुती. घरगुती. लग्न. घरगुती. घरगुती.

"इतक्या वर्षांत एकही पाठ नाही यात. हे अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"मग खोटं काय? रजिस्टर की नोट?"

मला उत्तर माहीत होतं. माझी नोकरी पाच वर्षं उरली होती, मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं आहेत, आणि तीही घरगुतीच.

मी म्हणालो, "नोट चुकली असेल, साहेब."

मग त्यांनी मला उचलायला लावलं. इतकी वर्षं मी तो अपमान सांगत आलो. बायकोला सांगितला, जावयाला सांगितला. लोक हळहळले. त्याच्या आधीचं वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही.

मशीन महाग नव्हतं. बायकांच्या पाठी फुकट होत्या म्हणून ते महाग दिसलं. आणि त्या पाठी फुकट केल्या माझ्या पेनने.

त्याच हिवाळ्यात रत्नाबाईची पाठ गेली. अर्धांगवायूचा पेशंट, धिप्पाड गडी. चादरीला चौघं हवे होते, दोघी होत्या. दुसरीच्या हातून टोक सुटलं. रत्नाबाईने सोडलं नाही. गडी पडला नाही. तीच खाली बसली, मग तिला उठता येईना.

दहा दिवसांनी मुलीच्या खांद्यावर हात टाकून ती कचेरीत आली. मी रजिस्टर उघडलं.

"काय लिवताय, भाऊसाहेब?"

"नेहमीचंच."

"माज्या घरात तर काय बी झालं न्हाई."

"असं लिहिलं की पुढे परत घेता येतं, रत्नाबाई."

एकही बाई कधी परत घेतली नव्हती. तिलाही ते माहीत होतं. तिने सही केली. ती सही करायला मीच तिला शिकवलं होतं, वॉर्डात असताना. पेन ठेवताना एवढंच म्हणाली, "दादा हुतास तवा बरा हुतास."

निवृत्त झालो. साताऱ्याला लेकीजवळ राहायला आलो. आता माझेही गुडघे गेलेत.

गेल्या महिन्यात दारात एक बाई आली. खुर्ची दिली तर म्हणाली, "उबीच बरी हाय. बसलं की उठवत न्हाई." ती मंगल, रत्नाबाईची मुलगी. त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात आया. वर्षापूर्वी तिचीही पाठ गेली. कमरेला पट्टी होती का, मी विचारलं. म्हणाली, "आईचीच. दुसरी कुठली."

पण मंगलने रजिस्टरवर सही केली नाही. तिने आणि आणखी तिघींनी कामगार कार्यालयात अर्ज दिलाय. हॉस्पिटलने उत्तर दिलं: आमच्याकडे आजवर कुणाची पाठ गेलेली नाही. पुराव्यादाखल जुनी रजिस्टरं जोडली. तिने झेरॉक्स माझ्या पुढ्यात धरली. सुरेख अक्षर.

"आईला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "ती म्हनली, त्येंच्याकडं जा. लिवलंय त्येंनीच, खोडतील बी त्येच."

"आई कशी आहे?"

"पडून हाय. मी उचलत हुते. आता शेजारची येती."

चहा न घेता गेली.

चार दिवसांनी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज थकलेला, पण तोच. "सुनावणीला या. अक्षर तुमचं आहे एवढंच सांगा. तुमचे गुडघे गेलेत असं ऐकलं. त्यांचं बघू आपण, पैशाची काळजी करू नका."

"अक्षर माझं आहे हे सांगतो, साहेब. मग बाकीचंही सांगतो."

ते म्हणाले, "नोंदी तुमच्या हातच्या आहेत. खोट्या म्हणालात तर पहिले तुम्ही अडकाल."

"व्हय," मी म्हणालो. मलकापूरची भाषा इतक्या वर्षांनी तोंडात आली.

जावई म्हणतो, या वयात कशाला. लेक बोलत नाही. बोलू नये. तिच्या लग्नाचं नाव मी पुढे केलं होतं, तिला न विचारता.

तीन दिवस बसून यादी केली आहे. आठवतात तेवढी नावं. प्रत्येक नावापुढे खरं कारण. कोण स्ट्रेचरपाशी, कोण संडासात पेशंट सावरताना, कोण जिन्यात. काही बायकांची फक्त तोंडं आठवतात, नावं नाहीत. त्यांच्या ओळी कोऱ्या सोडल्यात. त्या भरायला मंगलकडे देणार आहे. शेवटी ती दोन पानांची नोटही लावली आहे, घरी ठेवलेली प्रत. तिच्यातला एकही आकडा बदललेला नाही.

यातून मला माफी नको आहे. रत्नाबाई ती देणारही नाही, तिने देऊ नये.

सोमवारी सकाळच्या एसटीने सांगलीला जातो आहे. तिथे कुणीतरी रजिस्टर माझ्यापुढे उघडेल आणि विचारेल, हे खरं की तुम्ही आता सांगता ते. मी उभा राहूनच उत्तर देणार आहे, गुडघे कितीही दुखोत.

खोटं रजिस्टर आहे. ते मी लिहिलं आहे. लिहून घ्या.