भारे वाहणाऱ्या पोरींचे खांदे

मी व्हॉलीबॉल खेळत नाही, डॉक्टरही नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेवढ्या बळावर लिहितोय. चुकलं तर माफ करा, पण गप्प बसवत नाही.

माझी धाकटी बहीण वेल्ह्याकडच्या शाळेत खेळते. संघात स्मॅश मारणारी तीच. जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचं तिनं वर्षभर मनात धरलं होतं. दिवाळीत वेणी घालताना तिचा उजवा हात वर जाईना, म्हणून मी तिला भोरला नेलं. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, रोज शंभर फटके मारून खांद्याचे पुढचे स्नायू मजबूत झालेत, मागचे कमजोर राहिलेत. दीड महिना फटके कमी करा, रबरी पट्टा ओढून मागची ताकद वाढवा.

मी शाळेत जाऊन खेळाच्या सरांना भेटलो. मैदानात मुलं तसेच पट्टे ओढत होती आणि मुली नेट बांधत होत्या.

"सर, मुलींना पट्टे नाहीत का?"

"अरे, ह्या भाताचे भारे डोक्यावर आणणाऱ्या पोरी. ह्यांना कसला पट्टा? हवा तर तूच घे एखादा."

मुलं हसली. मी तसाच परत फिरलो, त्याचा राग अजून जात नाही. भारा आणताना हात नुसता वर धरलेला असतो. जोरात फिरलेला हात आवरायची मागच्या स्नायूंची ताकद त्यातून कुठून येणार? घरी कष्ट करते म्हणून मैदानात तिची निगा राखायची नाही, हा कुठला न्याय?

घरी पट्ट्याचं सांगितलं, तर आई म्हणाली, "खांदं रुंद झालं तर पावनं काय म्हणतील?"

"भारं उचलून न्हाई व्हत व्हय रुंद?" बहिणीनं विचारलं. आई चुलीकडे वळली.

बहिणीनं सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली आणि रोज ओढली. सरावात मोजून वीसच फटके मारायची. सर तिला 'पाहुणीबाई' म्हणायला लागले. दीड महिन्यानं दुखणं थांबलं, हात सरळ वर जाऊ लागला.

चाचणीच्या दिवशी मी कॉलेजात होतो. दुपारी तिचा फोन आला.

"दादा, खेळून निवडीत मागं पडले आसते तर काय वाटलं नसतं. सरांनी माझं नावच पाठवलं न्हवतं. म्हणाले, दुखऱ्या खांद्याची पोर कशाला न्यायची."