गुरवांची घंटी

ऑफिसातले किस्से म्हणजे टेबलाखालची धूळ. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढीच. मी इथं रत्नागिरीत एका आंब्याच्या कॅनिंगवाल्यांकडे तीस वर्षं शिपाई होतो, झाडतच आलो. तरी पहिला कॉम्प्युटर आला त्या वर्षाचे, सत्त्याऐंशी साल असेल, हे चारपाच काही निघाले नाहीत.

*

कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली, एसी बसवला. आत जाताना चपला बाहेर. आमचे टायपिस्ट गुरवअण्णा बावीस वर्षं बॉयलरच्या वरच्या खोलीत घाम पुसत टाइप करत होते. पंखा मागून मागून दमले. ते चपला काढता काढता म्हणाले, “गणू, मशीन म्हणून जन्माला यायला हवं होतं, मेल्या.”

साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, “गुरव, तीन महिने. शिकलात तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघतो.” अण्णांना तेव्हा पन्नास उलटलेली. धाकटी मुलगी लग्नाची.

*

मुंबईहून शिकवणारे आले. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हातानं दांडा सरकवायचा असतो. इथं दांडा नाही, पण बावीस वर्षांचा हात ऐकतो होय? ओळ संपली की फटकन डावीकडे. पहिल्याच दिवशी त्या हातानं मी डावीकडे ठेवलेला चहा उडाला तो साहेबांच्या पांढऱ्या पँटवर. अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “गणू, चहा उजवीकडे ठेवत जा.”

तेव्हापासून उजवीकडे.

*

वर्डस्टार म्हणून पत्रं टाइप करायचा प्रोग्राम होता, त्याच्यावर मात्र अण्णांचा जीव जडला. चुकलं तर पांढरा रंग लावायला नको. पत्र एकच, व्यापाऱ्याचं नाव तेवढं बदललं की दुसरं तयार. “यात सगळं आहे रे,” म्हणायचे, “घंटी तेवढी नाही.” टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची. “आमचे आजोबा देवळात घंटा वाजवायचे. वाजल्याशिवाय मला काम झाल्यासारखं वाटत नाही.”

शिकवणाऱ्यांनी मशीनमध्ये काहीतरी लिहून ठेवलं. मशीन चालू झालं की, आणि एक काम संपून पुढच्याला मोकळं झालं की वाजायचं, टुंग. शिवाय पडद्यावर डावीकडे हिरव्या इंग्रजी अक्षरांत ‘गुरव’.

पंचाईत माझी झाली. शिपायाचे कान घंटीचे. टुंग झालं की मी साहेबांच्या केबिनमध्ये. “बोलावलं नव्हतं.” परत टुंग, परत मी. चौथ्यांदा साहेब म्हणाले, “गणू, तुला पगार मी देतो की मशीन?”

शेवटी अण्णांनीच तोड काढली. “सकाळची पहिली टुंग म्हणजे माझा चहा. बाकीच्यांना उठू नको.”

*

साहेबांनी एकदा पडद्यावरचं नाव पाहिलं. “मशीन कंपनीचं आहे, गुरव.”

अण्णांनी नाव काढलं. घंटी राहू दिली. ती कुणाची, हे पडद्यावर दिसत नव्हतं.

*

तीन महिन्यांत अण्णा सगळं शिकले. दिवसभराची पत्रं जेवणाच्या सुट्टीआधी तयार. मुदत संपली त्या दिवशी नवा सदरा घालून आले. साहेबांनी पाठ थोपटली.

“फार छान शिकलात, गुरव. आता अर्ध्या दिवसाच्या कामाला अख्खा माणूस कशाला? तेवढं मीच करीन. जाण्याआधी मला शिकवून जा.”

अण्णांनी शिकवलं. आठ दिवस, नीट, कुठं न चिडता. नवा सदरा पुन्हा काही घातला नाही.

*

अण्णा नोकरी सोडून गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी साहेब स्वतः काचेच्या खोलीत बसले. मशीन चालू केलं.

टुंग.

मी उठलो. चपला बाहेर काढल्या, आत गेलो, चहाचा कप मशीनच्या उजवीकडे ठेवला.

“मी चहा मागवला नव्हता, गणू.”

“तुमचा नाही, साहेब.”