पिठावरची पावलं

त्या सिनेमाचा मला अजून राग येतो. लोणावळ्यात दुपारच्या खेळाला एक बाई माझ्या शेजारी बसली होती. जवळच्याच औंढे गावातल्या ज्या बंगल्यात ती स्वयंपाक करायची, तिथंच शूटिंग झालं होतं, म्हणून ती बघायला आली होती. मांडीवरची पिशवी तळहातानं सारखी करत ती मधूनच मला सांगायची, "ह्यो आमचा जिना."

गोष्ट मुलगा गमावलेल्या आईची होती. स्वयंपाकघरात सांडलेल्या पिठावर तिला लहान पावलं उमटलेली दिसली आणि ती किंचाळत पळत सुटली. मागच्या रांगेतली पोरं आधी ओरडली, मग खिदळली.

माझी शेजारीण ताडकन उभी राहिली. "पोटच्या पोराला भ्याली व्हय?" ती पडद्यावरच्या आईलाच विचारत होती.

"मावशी, खाली बसा!" मागून एक पोरगा ओरडला.

"न्हाई बसत! मानूस गेलं की आमी दिव्याजवळ पीठ पसरतो, वर टोपली झाकतो. पाऊल उमटावं म्हणून जीव टांगून बसतो. आन् ही पळती!"

पोरं आणखीच हसली. माझं डोकं फिरलं. घाबरवायला सिनेमावाल्यांना हेच सापडलं? "हसताय काय?" मी मागं वळून ओरडलो.

ती खाली बसली. मी हळूच विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

"ल्योक. टोपली म्याच उचलली. पीठ जसंच्या तसं व्हतं. मुंगीबी फिरली न्हवती."

पडद्यावर दारावर थाप पडली. आतली आई घाईघाईनं कडी लावत होती. शेजारीण पुढं झुकली आणि कुजबुजली, "उघड की गं."