दत्तूकाकांच्या कानाचं मशीन

मंडळी, आत्ताच भिवंडी कोर्टातून घरी आले. राहवत नाही म्हणून लिहितेय.

शेलार गावचे दत्तूकाका आठ महिने कच्चे कैदी आहेत. त्यांना ऐकू येत नाही आणि अटकेच्या वेळी कानाचं मशीन घरीच राहिलं. तुरुंगातून व्हिडिओवर होणाऱ्या कोर्टाच्या तारखांना ते नुसती मान हलवायचे. मोफत कायदेशीर मदतीतून मी त्यांची वकील झाले, तेव्हा हे कळलं. त्यांना मशीन मिळावं आणि प्रत्यक्ष कोर्टात आणावं, असा लगेच अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

आज काकूंनी मशीन आणलं, काकांनी कानात बसवलं. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

काका दचकले. "चोरीचा आरोप हाय माझ्यावर? मी न्हाय केली साहेब!"

न्यायाधीशांनी ते नोंदवलं. मशीन तुरुंगातही त्यांच्याजवळच राहील, असा आदेश दिला.

तुम्हीच सांगा, त्या आठ महिन्यांतल्या तारखांना सुनावणी म्हणायचं का?